विश्लेषण : शनीच्या टायटनवर उतरलेल्या यानाला ज्याचे नाव दिले, तो हायगेन्स कोण होता?

पृथ्वीपासून १२० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर, उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असलेल्या जमिनीवर एक छोटे यान पडून आहे. १४ जानेवारी २००५ रोजी ते शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरले. तासाभराहून थोडा अधिक काळ त्याने मातृयानाला माहिती पाठवली आणि नंतर त्याचा आवाज कायमचा बंद झाला. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू आजवर याहून दूरच्या जमिनीवर अलगद उतरलेली नाही. या यानाचे नाव ‘हायगेन्स’.

बारावीला विज्ञान घेतलेल्या अनेकांना हे नाव भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आठवेल. प्रकाशतरंगांचे ‘हायगेन्सचे तत्त्व’ परीक्षेत हमखास विचारले जाते. पण हा माणूस कोण, त्याचा शनीशी काय संबंध, आणि मरणानंतर ३०० वर्षांनी युरोपने त्याचेच नाव यानाला का दिले, हे पुस्तकात सहसा नसते.

लहानपण कसे गेले?

ख्रिस्तियान हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधील हेग शहरात झाला. घर बड्यांचे. वडील कॉन्स्टन्टाइन हायगेन्स हे डच भाषेतील नावाजलेले कवी, संगीतकार आणि तिथल्या ऑरेंज राजघराण्याचे सचिव. रेने देकार्त हा तत्त्वज्ञ आणि गणिती या घरी येत-जात असे. ख्रिस्तियान आठ वर्षांचा असताना आई गेली. चार भाऊ आणि एक बहीण अशी ही भावंडे. शिक्षण सोळाव्या वर्षापर्यंत घरीच झाले : लॅटिन, संगीत, गणित, तर्कशास्त्र. मुलाचा गणितातला हात पाहून वडील कौतुकाने त्याची तुलना आर्किमिडीजशी करत.

पण त्याला व्हायचे होते मुत्सद्दी; म्हणजे तशी वडिलांची इच्छा होती. म्हणून लायडन आणि पुढे ब्रेडा येथे कायद्याचे शिक्षण. १६५० मध्ये मात्र डच राजकारण फिरले, ऑरेंज घराण्याची सत्ता गेली आणि घरातल्या तरुणांसाठी ठरलेल्या नोकऱ्याही गेल्या. ख्रिस्तियानच्या दृष्टीने हे बरेच झाले म्हणायचे. वडिलांच्या पैशावर घरी बसून त्याला हवे ते करता येऊ लागले. त्याने केले काय, तर मोठ्या भावाबरोबर काचा घासायला घेतल्या.

काचा घासून उपग्रह कसा सापडला?

त्या काळी चांगली दुर्बीण बाजारात मिळत नसे. भिंग जितके नीट घासलेले, तितके चित्र स्पष्ट. दोघा भावांनी काच घासण्याची स्वतःची पद्धत बसवली. हे काम कंटाळवाणे आणि हात भरून आणणारे असते. श्रीमंत घरातील मुलांनी ते गडी लावून करून घ्यायला हवे होते. पण या दोघांनी ते स्वतः केले आणि आयुष्यभर करत राहिले.

या भिंगापासून सुमारे बारा फूट लांबीची, साधारण पन्नास पट मोठे दाखवणारी दुर्बीण तयार झाली. २५ मार्च १६५५ रोजी हायगेन्सने ती शनीकडे वळवली. ग्रहाच्या जवळ एक बारीक ठिपका दिसला. तो तारा असता तर शनी पुढे सरकल्यावर मागे राहिला असता. पुढच्या रात्रींमध्ये तो मागे राहिला नाही, शनीबरोबरच हिंडत राहिला. सोळा दिवसांत एक फेरी. हा शनीचा उपग्रह होता. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधल्यानंतर ४५ वर्षांत सापडलेला पहिलाच.

शोध लगेच जाहीर केला तर दुसरा कोणी आपलाच म्हणून सांगेल, आणि लपवला तर दुसरा कोणी आधी जाहीर करेल. ही पंचाईत तेव्हाही होती. त्यावर तोडगा असा, की शोधाचे वाक्य घ्यायचे, त्याची अक्षरे उलटसुलट करायची आणि ते कोडे जाणकारांना पाठवून द्यायचे. हायगेन्सने लॅटिन कवी ओव्हिडची एक ओळ घेतली आणि उरलेली अक्षरे तिच्यापुढे जोडली. ती ओळ त्याने भिंगाच्या कडेवरही कोरली. हे भिंग आजही उट्रेख्त विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

उपग्रहाला त्याने खास नाव मात्र दिले नाही. शनीचा चंद्र एवढेच म्हटले. ‘टायटन’ हे नाव जॉन हर्शेलने १८४७ मध्ये सुचवले.

इथे त्याची एक गंमतही सांगायला हवी. तेव्हा सहा ग्रह माहीत होते. चंद्र किती? पृथ्वीचा एक, गुरूचे चार आणि हा शनीचा एक, मिळून सहा. सहा आणि सहा बारा. हिशेब पुरा झाला असे हायगेन्सने धरले आणि आणखी उपग्रह शोधायच्या फंदात तो पडला नाही. पुढच्या तीस वर्षांत जिओव्हानी कॅसिनीने शनीचेच आणखी चार उपग्रह शोधून काढले. आज ही संख्या अडीचशेच्या पुढे गेली आहे. इतका तर्कशुद्ध माणूस आकड्यांच्या सौंदर्याला असा भुलला, हे त्या काळाबद्दल बरेच काही सांगते.

शनीच्या ‘कानां’चे कोडे काय होते?

गॅलिलिओला १६१० मध्ये शनी तीन गोळ्यांचा बनल्यासारखा दिसला होता : मधे मोठा, दोन्ही बाजूंना लहान. १६१२ मध्ये बाजूचे दोन गोळे चक्क गायब झाले. नंतर ते परत आले, तेही कपाच्या कानांसारखे दिसू लागले. पुढची चाळीसेक वर्षे खगोलशास्त्रज्ञ शनीची चित्रविचित्र रेखाटने करत राहिले.

हायगेन्सने हे कोडे केवळ बघून सोडवले नाही, विचार करून सोडवले. १६५५-५६ मध्ये तर शनीचे ‘कान’ जवळपास दिसतच नव्हते. त्याचा विचार साधारण असा होता : लांबचा उपग्रह सोळा दिवसांत फेरी मारतो. मग शनीच्या जवळ जे काही आहे, ते त्याहून बरेच वेगाने फिरत असणार. तरीही शनीचे रूप एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत बदलत नाही, बदलायला वर्षे लागतात. फिरूनही सारखीच दिसणारी वस्तू कोणती? चकती किंवा कडे. शनीभोवती पातळ, सपाट, ग्रहाला कुठेही न टेकणारे आणि कललेले कडे आहे, असे त्याने मांडले. शनी सूर्याभोवती सुमारे २९ वर्षांत एक फेरी मारतो. या काळात आपण ते कडे कधी वरून, कधी खालून आणि साधारण दर पंधरा वर्षांनी अगदी कडेवरून पाहतो. कडेवरून पाहिले की ते दिसेनासे होते. मार्च २०२५ मध्येही हेच घडले होते.

१६५९ मध्ये ‘सिस्टेमा सॅटर्नियम’ या पुस्तकात त्याने सगळे उलगडून सांगितले. लगेच कोणी मान्य केले नाही. रोममधून विरोध झाला. फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी शनीची छोटी प्रतिकृती करून ती लांबून दुर्बिणीने पाहिली आणि हायगेन्स म्हणतो तसेच दिसते याची खात्री करून घेतली. एक गोष्ट मात्र त्याची चुकली. कडे अखंड आणि घन आहे असे तो समजत होता. ते असंख्य सुट्या तुकड्यांचेच असू शकते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने गणिताने दाखवले, ते बरोबर दोनशे वर्षांनी, १८५९ मध्ये.

घड्याळ आणि समुद्र

शनीचा हा उलगडा चालू असतानाच हायगेन्सच्या डोक्यात वेळ मोजण्याचा प्रश्न घोळत होता. २५ डिसेंबर १६५६ रोजी त्याने लंबकाच्या घड्याळाचे पहिले प्रारूप तयार केले. पुढच्या वर्षी सालोमन कोस्टर या घड्याळजीने त्यावरून घड्याळे बनवायला सुरुवात केली. आधीची घड्याळे दिवसाला पंधरा मिनिटांनी चुकत. हायगेन्सचे घड्याळ दिवसाला पंधरा सेकंदांपर्यंत आले. एका झटक्यात साठपट सुधारणा.

घड्याळ अचूक असण्याची निकड दिवाणखान्यात नव्हती, भर समुद्रात होती. जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे हे सूर्य-तारे पाहून कळते. पूर्व-पश्चिम कुठे आहे, म्हणजे रेखांश, हे कळायला आपल्या बंदरात या क्षणी किती वाजले ते माहीत हवे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. घड्याळ चार मिनिटांनी चुकले की जहाजाची जागा १११ किलोमीटरने चुकणार, आणि अंधारात समोर खडक आहे की मोकळे पाणी हे कळणार नाही. मसाल्यासाठी पूर्वेकडे जाणाऱ्या डच जहाजांना हा रोजचा जिवाचा प्रश्न होता.

हायगेन्सने यासाठी आयुष्यभर धडपड केली. जहाजांवर घड्याळे चढवली, त्यांच्या चाचण्या झाल्या. १६८६-८७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊन आली. पण लंबक शेवटी लंबकच. जहाज डोलले की त्याचा ताल बिघडतो. १६७५ मध्ये त्याने लंबकाऐवजी गोल वळणाची बारीक स्प्रिंग वापरायची कल्पना काढली. मनगटावरच्या चावीच्या घड्याळात अगदी आतापर्यंत हीच असे. त्यावरूनही इंग्लंडच्या रॉबर्ट हुकशी कडवट वाद झाला. हुकचे म्हणणे होते की कल्पना आधी त्याची. समुद्रावरच्या घड्याळाचा प्रश्न सुटला तो १८व्या शतकात, जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराच्या हातून. हायगेन्सला ते यश पाहायला मिळाले नाही.

शत्रूच्या राजधानीत डच माणूस

१६६६ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने पॅरिसमध्ये विज्ञान अकादमी उभी केली. मंत्री कोल्बेर याने हायगेन्सला बोलावून घेतले. मोठे वेतन, राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा. तिथे तो युरोपातला सर्वांत मानाचा वैज्ञानिक होता. पुढे इटलीतून कॅसिनीही तिथेच आला. १६७२ मध्ये आलेल्या लायब्निझ या जर्मन तरुणाला हायगेन्सनेच गणिताची वाट दाखवली. याच लायब्निझने पुढे कलनशास्त्राचा पाया घातला.

पण त्याच १६७२ मध्ये लुईने नेदरलँड्सवर स्वारी केली. हायगेन्सचे वडील आणि मोठा भाऊ लुईच्या शत्रूच्या, म्हणजे ऑरेंजच्या विल्यमच्या सेवेत होते. भाऊ तर त्याचा सचिवच. ख्रिस्तियान पॅरिसमध्ये शत्रूच्या पगारावर राहिला आणि १६७३ मध्ये घड्याळावरचा आपला महाग्रंथ त्याने लुईलाच अर्पण केला. त्याला काय म्हणावे? घरच्यांशी संबंध तुटले नाहीत एवढे खरे. पण त्याच्या मनाने ही ओढाताण सहज पेलली असेल, असे वाटत नाही.

कारण शरीर साथ देत नव्हते. वारंवार तो आजारी पडे, महिनोन्महिने अंथरुणाला खिळे आणि त्याबरोबर मन खिन्न होई. १६७० मध्ये तर आपण आता मरणार असे समजून त्याने अप्रकाशित कागदपत्रे लंडनच्या रॉयल सोसायटीकडे जावीत अशी तजवीज केली होती. प्रत्येक वेळी बरे वाटण्यासाठी तो हेगला घरी जाई आणि परत येई. १६८१ मध्ये असाच गेला, तो परतलाच नाही. १६८३ मध्ये कोल्बेर वारला. १६८५ मध्ये लुईने प्रोटेस्टंटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. हायगेन्स प्रोटेस्टंट होता. ज्या अकादमीची उभारणी त्याने केली, तिचे दार त्याला बंद झाले.

पॅरिस सुटले तरी काम सुटले नाही. १६८२ मध्ये त्याने एका घड्याळजीकडून ग्रहांचे यंत्र बनवून घेतले. त्यात सहाही ग्रह आपापल्या गतीने सूर्याभोवती फिरत. अडचण दातेरी चाकांची होती : शनीला पृथ्वीच्या तुलनेत नेमका किती वेळ लागतो हा आकडा लांबलचक, आणि चाकाला दाते तर मोजकेच पाडता येतात. हायगेन्सने गणिती युक्तीने त्या लांबलचक आकड्याला २०६ आणि ७ यांच्या गुणोत्तरावर आणले. भागून पाहा : २९.४३. शनीचे वर्ष आपल्या जवळपास इतक्याच वर्षांचे असते. हे यंत्र लायडनच्या संग्रहालयात आहे.

प्रकाशाला वेळ लागतो, म्हणजे काय?

पॅरिसमध्ये असताना ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये दाखवले, की गुरूच्या आयो या उपग्रहाची ग्रहणे कधी लवकर, कधी उशिरा दिसतात, कारण प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यावरून हायगेन्सने प्रकाशाचा वेग मोजला. तो खऱ्या वेगाच्या तीन चतुर्थांश इतकाच निघाला, पण प्रकाशाच्या वेगाला आकडा मिळाला.

प्रकाशाला वेळ लागत असेल तर तो तळ्यातल्या तरंगासारखा पसरत असेल, असे हायगेन्सचे म्हणणे. तरंगाच्या पुढच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू स्वतः नव्या छोट्या तरंगाचा उगम होतो आणि त्या सगळ्यांची मिळून पुढची कड बनते. हेच ते बारावीतले तत्त्व. १६९० मध्ये ते छापून आले. न्यूटनचे मत वेगळे होते. प्रकाश म्हणजे कण, असे तो मानत होता. १६८९ मध्ये हायगेन्स लंडनला गेला तेव्हा दोघांची भेटही झाली. पुढची शंभर वर्षे न्यूटनच्या दबदब्यापुढे तरंगांची कल्पना मागे पडली. १९व्या शतकात ती परत आली.

शेवटच्या पुस्तकात काय होते?

१६८७ मध्ये वडील वारले. भाऊ कॉन्स्टन्टाइन, ज्याच्याबरोबर काचा घासल्या तो, विल्यम इंग्लंडचा राजा झाल्यावर त्याच्याबरोबर लंडनला गेला. हायगेन्स हेगजवळच्या ‘हॉफवाइक’ या वडिलांच्या बागेतल्या घरात एकटा राहू लागला. लग्न केलेले नव्हते. बोलायला बरोबरीचे कोणी नव्हते.

या एकांतात त्याने ‘कॉस्मोथिओरोस’ लिहिले : इतर ग्रहांवर कोण राहत असेल, याचा विचार. पृथ्वी हाही एक ग्रहच, मग सगळी सजीवसृष्टी आपल्याकडेच का असावी, हा त्याचा प्रश्न. काही ठिकाणी कल्पना फारच धावते. गुरूला चार चंद्र, म्हणजे तिथल्या खलाशांना दिशा कळायची सोय. खलाशी असतील तर जहाजे, जहाजे असतील तर दोरखंड, आणि दोरखंडांसाठी ताग-अंबाडीसारखे काही पीक! वाचताना हसू येते. पण त्याच पुस्तकात एक वेगळे वाक्यही आहे, त्याचा आशय असा : आपले पाणी गुरू-शनीजवळ नेले तर तत्काळ गोठेल. म्हणून तिथे द्रव असलाच, तर तो तिथल्या थंडीत न गोठणारा, निराळ्या प्रकारचा असला पाहिजे.

त्याच पुस्तकात सिरियस म्हणजे व्याध ताऱ्याचे अंतर त्याने सूर्याच्या २७,६६४ पट काढले. खरे अंतर त्याच्या वीसपट आहे, पण तारे किती प्रचंड दूर आहेत याचा अंदाज त्यातून वाचकाला आला.

पुस्तक छापून घेण्याचे काम त्याने भावावर सोपवले. ८ जुलै १६९५ रोजी हायगेन्स वारला, वय ६६. छपाई चालू असताना १६९७ मध्ये भाऊही गेला. १६९८ मध्ये पुस्तक बाहेर आले, तेव्हा ते पाहायला दोघांपैकी कोणीच नव्हते.

टायटनकडे पुन्हा लक्ष कसे गेले?

जवळपास अडीचशे वर्षे टायटन हा दुर्बिणीतला ठिपकाच राहिला. १९४४ मध्ये मूळचा डच असलेल्या जेरार्ड कायपरने त्याच्या प्रकाशात मिथेन वायूची खूण ओळखली. उपग्रहाला दाट वातावरण! आपल्या सौरमालेतील दुसऱ्या कोणत्याही उपग्रहाला ते नाही.

या वातावरणापायी नासाने मोठी किंमत मोजली. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर १ टायटनपासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटरवरून गेले. त्यासाठी यानाचा मार्ग असा वाकवावा लागला, की ते ग्रहांच्या पातळीतून वर फेकले गेले; पुढे कोणताही ग्रह गाठणे त्याला शक्य राहिले नाही. व्हॉयेजर १ चुकले असते, तर व्हॉयेजर २ ला टायटनकडे वळवायचे ठरले होते, आणि मग युरेनस-नेपच्यून आपण अजून पाहिले नसते. एवढे करून कॅमेऱ्यांना दिसला तो नुसता नारिंगी धुक्याचा गोळा. जमीन दिसलीच नाही. कळले इतकेच, की हवा मुख्यतः नायट्रोजनची आहे, पृथ्वीसारखी, आणि तिचा दाबही पृथ्वीपेक्षा दीडपट आहे.

धुक्याखाली काय आहे हे पाहायला आत उतरणे भाग होते. त्यातून अमेरिकेची नासा, युरोपची ईसा आणि इटलीची अवकाश संस्था यांची संयुक्त मोहीम ठरली. शनीभोवती फिरणाऱ्या नासाच्या मातृयानाला ‘कॅसिनी’ आणि टायटनवर उतरणाऱ्या युरोपच्या यानाला ‘हायगेन्स’ असे नाव मिळाले. पॅरिसच्या अकादमीतले दोन सहकारी एकत्र निघाले. उड्डाण १५ ऑक्टोबर १९९७ रोजी झाले.

मोहीम जवळजवळ कशी फसली होती?

हायगेन्सला पृथ्वीशी थेट बोलता येण्यासारखी ताकद नव्हती. ते कॅसिनीला सांगणार, कॅसिनी आपल्याला. २००० मध्ये, यान अर्ध्या वाटेवर असताना, बोरिस स्मेड्स या ईसाच्या अभियंत्यांनी या संपर्काची कसून चाचणी घेण्याचा हट्ट धरला. पृथ्वीवरून कॅसिनीला असा संदेश पाठवला, जणू हायगेन्सच खाली उतरताना बोलत आहे. कॅसिनीला तो नीट वाचताच आला नाही.

कारण शाळेतले आहे. न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तसेच रेडिओतरंगांचेही होते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. उतरत्या हायगेन्सकडे कॅसिनी सेकंदाला साडेपाच किलोमीटर वेगाने झेपावणार होते. एवढ्या वेगामुळे येणाऱ्या माहितीची लय बदलते आणि कॅसिनीवरच्या रेडिओला ती बदललेली लय पकडण्याची सोय नव्हती. ही बाब त्यात बदलताही येत नव्हती. यान कधीच कोट्यवधी किलोमीटर दूर गेले होते. चाचणी झाली नसती तर बहुतांश माहिती कचऱ्यात गेली असती. तरंगांचे गणित मांडणाऱ्या माणसाच्या नावाचे यान तरंगांच्याच हिशेबात फसत होते.

यंत्र बदलता येत नाही तर वाट बदला, असे ठरले. कॅसिनी टायटनच्या अगदी जवळून जाण्याऐवजी सुमारे ६० हजार किलोमीटरवरून, बाजूने जाईल, म्हणजे दोघांमधील अंतर हळू बदलेल. त्यासाठी अवतरण नोव्हेंबर २००४ वरून जानेवारी २००५ वर ढकलले. २५ डिसेंबर २००४ रोजी हायगेन्स कॅसिनीपासून सुटे झाले. लंबकाच्या घड्याळाच्या पहिल्या प्रारूपाचीही तारीख हीच होती. योगायोग, पण छान.

सुटल्यावर वीस दिवस ते यान झोपून राहिले. आत होते एक साधे घड्याळ, ठरल्या वेळी जागे करणारे. तेवढे चुकले असते तर सगळे संपले असते. ते चुकले नाही.

टायटनवर काय दिसले?

१४ जानेवारीला यान वातावरणात घुसले, पॅराशूट उघडले आणि अडीच तासांच्या आसपास ते तरंगत खाली आले. माहितीसाठी दोन वाहिन्या होत्या. एक चालू करायचा आदेशच आज्ञावलीत राहून गेला होता. त्यामुळे सुमारे ७०० पैकी निम्मी छायाचित्रे गेली. वाऱ्याची माहितीही गेल्यासारखीच होती, पण पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी यानाचा क्षीण आवाज थेट पकडला आणि त्यातल्या डॉप्लर बदलांवरून वाऱ्याचा वेग काढला गेला. आधी घात करू पाहणारा डॉप्लर इथे कामी आला. हा आवाज पृथ्वीपर्यंत पोहोचायला ६७ मिनिटे लागत होती.

धुके विरल्यावर दिसले ते कोणालाही ओळखीचे वाटावे असे होते. डोंगरउतारावरून उतरणारे ओढे, त्यांना मिळणारे छोटे नाले आणि पुढे किनाऱ्यासारखी रेघ. जमिनीवर नदीपात्रात असतात तसे गुळगुळीत गोटे. फक्त गोटे पाण्याच्या बर्फाचे. त्या थंडीत बर्फ दगडासारखा टणक असतो. आणि त्यांना गुळगुळीत करणारा द्रव पाण्याचा नव्हे, मिथेनचा. यानाच्या उबेने जमिनीतून मिथेनची वाफ निघाल्याचे उपकरणांनी नोंदवले.

यान उतरले ती जागा कोरडी होती. पण कॅसिनीच्या रडारने पुढील वर्षांत ध्रुवांजवळ मिथेन-इथेनची सरोवरे शोधली, त्यांतली काही समुद्राएवढी. पृथ्वी सोडून दुसऱ्या कोणत्याही जगावर द्रवाचे असे खुले जलाशय अजून सापडलेले नाहीत. त्या थंडीत न गोठणारा, पाण्याहून निराळा द्रव. ‘कॉस्मोथिओरोस’ लिहिणारा इथे जवळ आला होता, जरी तिथे ताग-अंबाडीचे शेत दिसले नाही.

कॅसिनी १२७ वेळा टायटनजवळून गेले. इंधन संपत आल्यावर १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडून जाळले गेले. भरकटून ते टायटन किंवा एन्सेलॅडसवर आदळू नये आणि यानावर जिवंत राहिलेला एखादा सूक्ष्मजंतू तिथे जाऊ नये, म्हणून. हायगेन्स मात्र जिथे उतरले तिथेच आहे.

टायटनवर पुढचे यान नासाचे ‘ड्रॅगनफ्लाय’ असेल. हे ड्रोनसारखे पंख्यांवर उडणारे, मोटारगाडीएवढे यान जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये पोहोचेल, असे नियोजन आहे. दाट हवा आणि पृथ्वीच्या सातव्या भागाइतके गुरुत्वाकर्षण यामुळे तिथे उडणे पृथ्वीपेक्षा सोपे आहे. त्याचे पंखे आणि पॅराशूट किती मोठे हवे, हे ठरवताना अभियंत्यांनी हवेचा दाब, तापमान आणि वारा यांचे जे आकडे घेतले, त्यांतले प्रत्यक्ष टायटनच्या हवेत मोजलेले आकडे एकाच यानाचे आहेत : हायगेन्सचे.